चिखलाची लाज

मला भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं. "या वयात कशाला गं ते सायकलचं खूळ?" कुणी सफरचंदं ठेवता ठेवता म्हटलं, कुणी पदराने डोळे पुसत म्हटलं, आणि एका मावसनणंदेने तर माझा हात हातात घेऊन म्हटलं. हात माझा होता, त्याला सलाईन लावलेलं होतं, म्हणून तो काढून घेता आला नाही.

आजारपणावर लिहिणारी माणसं बरी झाली की शांत होतात. सगळ्यांना माफ करतात, आयुष्य किती सुंदर आहे म्हणतात. माझं अजून तसं झालेलं नाही. झालं तर कळवीन. तोवर जे आहे ते रागाने लिहिते, कारण मला जे झालं ते खानदेशात दर पावसाळ्यात कुणाला ना कुणाला होतं, आणि त्यातलं निम्मं नुकसान जंतू करत नाहीत.

मी वंदना. धुळ्यात देवपूरला राहते, शाळेत गणित शिकवते, चाळिशी ओलांडून दोन वर्षं झाली. आमच्या मिस्टरांचं चष्म्याचं दुकान आहे. घरात सासूबाई आहेत, त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्या मूळच्या अमळनेरकडच्या खेड्यातल्या, अजून अहिराणीतच बोलतात. मला झाला तो लेप्टो. उंदरांनी, गुरांनी घाण केलेल्या पाण्यातून, चिखलातून, कातडीवरच्या जखमेवाटे शरीरात जातो तो. यापेक्षा जास्त शास्त्र मला सांगता येणार नाही आणि सांगायचंही नाही.

आधी चिखल

सायकलचं खूळ नसरीनने लावलं. तिचं आणि तिच्या भावाचं तयार कपड्यांचं दुकान आहे आणि ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघी लळिंग किल्ल्याच्या पायथ्याला जायचो. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली डोंगरावरची सायकल. सलवार चेनमध्ये अडकते म्हणून मी ट्रॅकपँट घालायला लागले, तेव्हाच गल्लीत पहिली कुजबुज झाली. मिस्टर तेव्हा हसले होते. पंक्चर काढायला त्यांनीच मला शिकवलं, हेही इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाचताना तुम्हाला वाटेल की माणूस मुळातच वाईट.

उन्हाळ्यात सायकल कुणीही चालवतो. खरी गंमत आमच्याकडे पावसाळ्यात. लळिंगकडे वरती मुरूम आहे, तिथे चाक धरून राहतं. पण खाली कपाशीच्या शेतांमधून जाणारी वाट काळ्या मातीची. ती माती ओली झाली की टायरला अशी चिकटते की चाक आणि त्याला धरणारा फोर्क यांच्यामध्ये बोटही जाणार नाही. सायकल उभ्या जागी अडते. पहिल्या पावसाळ्यात मी तिथे इतक्यांदा आडवी झाले की नसरीन म्हणाली, "तू मातीची इतकी लाडकी आहेस तर इथेच घर बांध."

मग शिकत गेले. टायरवरचे दात मोठे आणि एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे माती अडकून बसत नाही. हवा थोडी कमी ठेवायची. पुढच्या चाकाला छोटं मडगार्ड, नाहीतर डोळ्यांत चिखल. चेनला पावसाळी तेल. खिशात एक लाकडी पट्टी, माती खरवडायला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हात सैल ठेवायचे. चाक घसरायला लागलं की माणूस हँडल आवळतो, करकचून ब्रेक दाबतो आणि पडतो. चाक थोडं घसरू द्यायचं असतं. नजर चाकावर नाही, पुढे जिथे जायचंय तिथे ठेवायची, बूड सीटवरून उचलून जरा मागे न्यायचं आणि पाय फिरवत राहायचं. मला हे जमायला दोन पावसाळे लागले. वर्गातली पोरं भागाकाराला घाबरतात तेव्हा मी त्यांच्यावर ओरडायचं सोडून दिलं, ते या चिखलामुळे.

त्या रविवारी माझे गुडघ्याचे पॅड सैल झाले होते. इलास्टिक गेलेलं, म्हणून मी मागचा पट्टा ताणून बांधला. नाला ओलांडताना पोटरीपर्यंत पाणी आलं, उडालेली रेती पट्ट्याखाली गेली आणि पुढचा सगळा वेळ ती रेती गुडघ्याच्या मागची कातडी घासत राहिली. घरी येऊन पाहिलं तर लाल रेघ. मी खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचणीचे पेपर काढायला बसले.

माळ

ताप आठवड्याने आला. आधी पोटऱ्या दुखायला लागल्या, इतक्या की फळ्यापाशी उभं राहवेना. मला वाटलं, चढाचा शीण. मग डोळे लाल झाले. मग एका सकाळी मिस्टरांनी माझा चेहरा खिडकीकडे वळवला आणि म्हणाले, "डोळे पिवळे आहेत." दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम त्यांचं, त्यांना लगेच कळलं.

पिवळे म्हटल्यावर अक्का खाटेवरून उठल्याच. "हाई कावीळ शे. डाक्टरना काम नही हाई. बठ्ठा लोके तठेच जातस."

तठेच म्हणजे तिथेच, सगळे जातात त्या अमळनेरकडच्या एका गावात. तिथे एक म्हातारे आबा कावीळ उतरवतात. कुठल्यातरी वेलीच्या काड्यांची छोटीशी माळ डोक्यावर ठेवायची. काड्या सुकत जातात तशी माळ मोठी होत जाते, घसरत घसरत गळ्यात येते आणि माळ उतरली की कावीळ उतरली. तोवर तेल नाही, हळद नाही आणि सुई तर अजिबात नाही. सुई टोचली की माळ बाटते.

आता आमचं घर कसलं आहे ते ऐका. रविवारी विहारात अंधश्रद्धेवर बोलायला मिस्टरच उभे राहतात. आवाज चांगला आहे, टाळ्याही मिळतात. मी गणिताची बाई. नवस, उतारा, अंगारा यातलं आमच्याकडे काही चालत नाही. पण कावीळ म्हटलं की सगळ्या खानदेशाची बुद्धी एकदम त्या माळेपाशी येऊन थांबते. डॉक्टरसुद्धा स्वतःच्या आईला गुपचूप घेऊन जातात म्हणे. "औषध थोडंच आहे, पाला आहे, करून बघायला काय जातं?" असं मिस्टर म्हणाले. ज्या घरात "करून बघायला काय जातं" हे वाक्य म्हटलं जातं, त्या घरात नेमकं काय जातं ते मी नंतर मोजलं.

आम्ही गेलो. मला गाडीत मागे आडवं केलं होतं. आबांच्या ओट्यावर माझ्यासारखी पिवळी माणसं रांगेत बसलेली. म्हातारा बिचारा गरीब स्वभावाचा, त्याने माझ्याकडून एक नारळ घेतला आणि काही नाही. त्याने मला काही विचारलंही नाही. माळ ठेवली आणि पुढच्याला हाक मारली. अक्का माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "आते उतरी जाई, पोरी. माळ गयामां उनी का कावीळ गई."

माळ खरंच वाढत होती. दोन-तीन दिवसांत कानांपर्यंत आली. मी मात्र ओकत होते आणि लघवी चहासारखी व्हायला लागली होती. अक्का माळ बघायच्या, मी अक्कांकडे बघायचे. अक्कांवर मला राग येत नव्हता, कारण त्यांना खरंच वाटत होतं. राग मिस्टरांवर येत होता, कारण त्यांना खरं वाटत नव्हतं आणि तरी ते गप्प होते.

शाळा आणि घर

शेवटी मीच माळ काढून फेकली तेव्हा देवपुरातल्याच एका डॉक्टरांकडे नेलं. छोटा दवाखाना, केबिनचं दार उघडं, बाहेर बाकावर पेशंट. डॉक्टर चांगले होते. त्यांनी पोट दाबलं, डोळे पाहिले आणि बरोबर तोच प्रश्न विचारला. पण मला नाही विचारला. माझ्या डोक्यावरून, मागे उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला विचारला.

"यांचं कुठे शेतात, चिखलात, साचलेल्या पाण्यात जाणं झालं होतं का?"

मिस्टर म्हणाले, "नाही हो डॉक्टर. शिक्षिका आहे ती. शाळा आणि घर, बस."

मी ऐकलं. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. मी जोर लावून म्हटलं, "सायकल." डॉक्टर वळले. "काय म्हणतात?"

आणि मिस्टर म्हणाले, "काही नाही, तापात बडबडतेय."

हे वाक्य मी आजही झोपताना ऐकते. मी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला, पण ओकारी आली आणि सगळी धावपळ भांडं शोधण्यात गेली. डॉक्टरांनी साध्या काविळीची औषधं लिहिली, आराम सांगितला, उसाचा रस सांगितला. पावसाळ्यात उसाचा रस कुठून आणायचा यावर मिस्टर आणि अक्का घरी येईपर्यंत चर्चा करत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी लघवी बंद झाली.

मोठ्या दवाखान्यातली खाट

तिथलं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. छताचा पंखा. कुणीतरी माझं वय विचारतंय आणि उत्तर मिस्टर देतायत. किडनी हा शब्द. यंत्राला जोडायचं म्हणून सही. मी हातवारे करून पाणी मागत होते आणि पाणी मोजून चमच्याने मिळत होतं. भीती कशी असते विचाराल, तर ती मोठी नव्हती. ती अगदी क्षुल्लक गोष्टींची होती. नववी ब चे पेपर तपासायचे राहिलेत, कुणी तपासेल का. मी मेले तर नसरीन एकटी जाईल का लळिंगला.

नसरीन आली तेव्हा तिला आत सोडत नव्हते. बाहेर मिस्टर बसले होते. तिने नंतर मला सगळं सांगितलं, म्हणून मला माहीत आहे.

ती म्हणाली, "प्रकाशभाऊ, डॉक्टरांना नाल्याचं सांगितलं ना?"

मिस्टर रिपोर्टचे कागद चाळायला लागले.

"अरे भाऊ, नाल्याचं! ती पोटरीभर पाण्यात उतरली होती. मी सोबत होते."

"त्याचा काय संबंध," मिस्टर म्हणाले.

नसरीन उठली, काचेचं दार ढकललं आणि दिसली त्या पहिल्या डॉक्टरीणबाईला म्हणाली, "मॅडम, ती पेशंट आहे ना वंदना, ती रविवारी चिखलात सायकल चालवते. हा तिचा नवरा तुम्हाला सांगणार नाही, त्याला लाज वाटते."

ती डॉक्टरीण पोरसवदा होती. तिने मिस्टरांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्या खाटेशी आली, चादर वर केली, माझे पाय वळवून पाहिले. गुडघ्यामागची ती रेघ एव्हाना खपली धरून काळी झाली होती. ती माझ्या तोंडाजवळ वाकली.

"चिखल होता?"

मी मान हलवली.

"जखम आधीची का त्याच दिवशीची?"

"त्याच," मी म्हटलं. इतक्या दिवसांत कुणी थेट मला विचारलेले पहिले प्रश्न होते ते. मला रडू आलं, पण रडायला अंगात पाणीच नव्हतं.

त्यानंतर औषध बदललं. यंत्रावर मला आणखी काही वेळा जावं लागलंच. पण ताप उतरला आणि एका सकाळी लघवीच्या पिशवीत थोडं काही दिसलं, तेव्हा वॉर्डातली मावशी ओरडली, "बाई, लघवी लागनी ना!" आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने टाळ्या वाजवल्या. लघवीला टाळ्या मिळतात हे मला पहिल्यांदा कळलं. तीच मावशी नंतर रोज दुपारी माझ्या केसांचा गुंता सोडवायची. त्यासाठी तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती वेणी घालून द्यायची आणि म्हणायची, "आता कशी माणसासारखी दिसतेस." माझ्यावर त्या दवाखान्यात झालेले उपकार मोजायचे तर ती वेणी पहिली.

मुगाचं पाणी

मला जनरल वॉर्डात आणल्यावर मिस्टर वाटीत मुगाचं पाणी घेऊन बसले होते. ते इतके दिवस झोपले नव्हते. पाय चेपायचे, नॅपकिन बदलायचे, सगळं करायचे. मी म्हटलं, "का नाही म्हणालात?"

त्यांना कळलं मी कशाबद्दल बोलतेय.

"त्या केबिनचं दार उघडं होतं," ते म्हणाले. "बाहेर तुझ्या शाळेतल्या मुलांचे आईबाप बसले होते. दुकानातली दोन गिऱ्हाइकं होती."

"मग?"

"मग काय. बाईमाणूस चिखलात सायकल खेळली आणि आजारी पडली, हे चारचौघांत कसं सांगायचं?"

"मी शेतात निंदणीला जात असते तर सांगितलं असतं?"

"ते वेगळं. ते काम आहे."

"विहिरीत पडले असते तर?"

"वंदना, आता नको ना."

"आणि बडबडतेय का म्हणालात?"

त्यांनी वाटी माझ्यापुढे केली. मी वाटी ढकलली. अंगात ताकद नव्हती म्हणून ती फेकली गेली नाही, नुसती कलंडली आणि मुगाचं पाणी त्यांच्या पँटवर सांडलं. ते उठले, नॅपकिनने पँट पुसली आणि दुसरी वाटी भरून आणली. मी ती प्यायले, कारण भूक लागली होती. नवऱ्यावर राग असला तरी मूग मूगच असतात.

खरी कमाल पुढे. भेटायला येणाऱ्यांना मिस्टर काय सांगायचे माहीत आहे? "पाण्याच्या टाकीत उंदीर पडला होता." आमच्या गल्लीत ही बातमी पसरली आणि आमच्या अख्ख्या ओळीने टाक्या उपसल्या. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू आमच्याशी बोलेनासे झाले, कारण टाकीचं झाकण उघडं त्यांनीच ठेवलं असा बोभाटा झाला. माझा आजारसुद्धा यांनी मला माझा म्हणून राहू दिला नाही. एका निरपराध उंदराच्या नावावर चढवला.

अक्का मात्र बदलल्या. त्या मावसनणंदेने सायकलचं खूळ काढल्यावर अक्का तिच्यावर धावूनच गेल्या. "तिले काही बोलू नको. पोर मरता मरता वाचनी." माळेबद्दल त्या कधीच बोलल्या नाहीत. मीही काढलं नाही.

पिंप्राळा

दवाखान्यातून मी जळगावला माहेरी गेले. पिंप्राळ्यात भावाचं घर आहे. मिस्टर म्हणाले, "घरीच चल," मी म्हटलं, "नाही." यापेक्षा जास्त भांडायला मला दम नव्हता. ते दर रविवारी एसटीने यायचे, चहा पिऊन जायचे.

अशक्तपणाबद्दल कुणी सांगत नाही. लोकांना वाटतं घरी आली म्हणजे बरी झाली. मला आंघोळीनंतर अर्धा तास पडून राहावं लागायचं. केस मुठीने गळत होते. आणि एक विचित्र भीती बसली होती, पाण्याची. अंगणात वहिनी भांडी घासायची, तिथलं साचलेलं पाणी ओलांडतानाही मी पाय उचलून धरायचे.

वहिनीनेच ते हेरलं. एके दिवशी भाचीची जुनी सायकल बाहेर काढली आणि म्हणाली, "बस." मी म्हटलं, पाय थरथरतात. ती म्हणाली, "थरथरू दे. मी स्कूटरवर मागे येते. पडलीस तर उचलीन, पण ओरडणार नाही." कॉलनीच्या रस्त्यावर एक बाई हळूहळू सायकल चालवतेय आणि तिच्या मागे दुसरी बाई स्कूटरवर रांगत येतेय, हे दृश्य पिंप्राळ्याने बरेच दिवस पाहिलं. रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. वहिनी त्यांना हाताने पुढे जा म्हणायची, पण माझ्यापुढे कधी गेली नाही.

पुढचा पावसाळा

माझी सायकल मिस्टरांनी विकली नव्हती. धुवून, चेनला तेल घालून भिंतीला टांगली होती. मी परत देवपूरला आले तेव्हा ती खाली काढली.

आता ज्यांना पावसात डोंगरावर जायचं आहे त्यांनी एवढं ऐका. पॅड मापाचे घ्या, सैल पॅड म्हणजे शत्रू. त्याखाली लांब मोजे घाला, म्हणजे पट्टा कातडीला लागणार नाही. अंगावर ओरखडा असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा, आणि मोठी जखम असेल तर त्या रविवारी घरी बसा, डोंगर कुठे जात नाही. साचलेल्या पाण्यातून जायलाच हवं असं नाही. सोबत स्वच्छ पाण्याची जास्तीची बाटली ठेवा आणि चिखल अंगावर वाळू देऊ नका. आणि नंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आपलं नाव सांगायच्या आधी चिखलाचं नाव सांगा.

मी आणि नसरीन त्या नाल्याशी गेलो तेव्हा पाणी तसंच होतं, चहाच्या रंगाचं. मी काठावरच उतरले. नसरीन म्हणाली, "परत फिरायचं?" मी सायकल खांद्यावर घेतली आणि वरच्या बाजूने दगडांवरून गेले. मागच्या वर्षी मला ते भित्रेपणाचं वाटलं असतं.

पलीकडचा काळ्या मातीचा उतार मात्र चुकवता येत नव्हता. मी सीटवरून उठले, हात सैल सोडले आणि चाक घसरलं. अंगातली सगळी भीती म्हणाली, आवळ. मी आवळलं आणि पडले. उठले, गुडघे पाहिले, बाटलीने धुतले, पुन्हा वर गेले. दुसऱ्यांदा मी त्या उताराला, आजाराला, उघड्या दाराच्या केबिनला, सगळ्यांना मिळून अशी एक शिवी घातली की वर्गातल्या पोरांनी कानांवर हात ठेवले असते, आणि चाक घसरलं तसं घसरू दिलं. सायकल आपोआप सरळ झाली आणि मी खाली पोचले.

बाजूच्या कपाशीत बाया निंदणी करत होत्या. अनवाणी. त्या उभ्या राहून हसत होत्या. एक म्हणाली, "ओ बाई, पडनी ना, लागनं का?"

मी त्यांच्या पायांकडे बघत होते. घोट्यापर्यंत त्याच चिखलात, दिवसभर, भेगा पडलेल्या टाचांनी. त्यांना कुणी खूळ म्हणत नाही. त्यांना कुणी पॅड आणि मोजेही देत नाही. त्यांना ताप आला की माळ, आणि माळ गळ्यात येईपर्यंत जगली तर नशीब. मी म्हटलं, "ताई, ताप आला ना, तर डॉक्टरला सांगा चिखलात होते म्हणून." ती म्हणाली, "आम्हले कोण इचारस, बाई?" आणि पुन्हा खाली वाकली. माझं स्वतःपुरतं रागावणं त्या दिवशी संपलं. राग होता तेवढाच आहे, पण तो आता माझ्या एकटीसाठी नाही.

तपासणी

दुसऱ्या दिवशी माझी किडनीची तपासणी होती. डॉक्टर नवे होते, वयस्कर, नावाजलेले. मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले, मिस्टर मागे उभे. दार उघडंच. बाहेर गर्दी, त्यात आमच्या गल्लीतल्याही दोघी.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, चांगले आहेत म्हणाले, आणि मान वर करून माझ्या डोक्यावरून विचारलं, "आता बाई जपतात ना? पुन्हा पाण्या-चिखलात कुठे जात नाहीत ना?"

मागे मिस्टरांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. मग ते बोलले. मोठ्याने. विहारात बोलतात त्या आवाजात. "जाते. कालच गेली होती, डॉक्टर. लळिंगला. सायकलवर. चिखलात."

बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. मी वळून बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते आणि ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की आता तरी, आता तरी झालं ना. वर्षभर मी याच वाक्याची वाट बघत होते. मला वाटलं होतं, ते ऐकलं की मी विरघळेन.

"थांबा हो," मी म्हटलं. "मी बसलेय ना इथे. माझं मी सांगते."

डॉक्टरांनी एकदा मिस्टरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चष्मा नाकावर सारखा केला, खुर्ची माझ्या बाजूला वळवली आणि म्हणाले, "बोला."